पास करून देतो म्हणाले आणि कन्व्हर्टर पोकळ करून दिला

जुनी स्पोर्ट्स कार प्रदूषण चाचणीच्या तयारीसाठी गॅरेजमध्ये देणार असाल, तर आधी गाडीखाली वाकून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे, म्हणजे एक्झॉस्टमधले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाचे, फोटो काढून ठेवा. त्यावर ठोकलेला क्रमांक, वेल्डिंगचे सांधे, मागचा ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) कसा बसवलाय ते, सगळं फोटोत येऊ द्या. माझ्या गाडीतल्या कन्व्हर्टरचा आतला गाभा चोरीला गेला, पण वरचा पत्र्याचा डबा जागच्या जागी होता. त्यामुळे चोरी झाल्याचं कळायलाच वेळ गेला.

गाडी दोन सीटची, जुनी, पण ओबीडी-२ पोर्ट, म्हणजे बिघाडाचे कोड वाचायला स्कॅनर जोडायची जागा, असलेली. चेक इंजिन लाइट लागला होता आणि कोड होता पी ०४२०, म्हणजे कन्व्हर्टरची कार्यक्षमता मर्यादेखाली. गॅरेजवाल्याने स्कॅनरची स्क्रीन समोर धरली. "साहेब, कन्व्हर्टर संपलाय. नवीन टाकू, ट्यूनिंग करू, पास होईल अशीच गाडी देऊ."

एवढ्या कोडवरून कन्व्हर्टर संपला असं कुणीही सांगू शकत नाही. ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, कन्व्हर्टरच्या पुढचा आणि मागचा असे दोन ऑक्सिजन सेन्सर ताडून बघतो. पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखं वरखाली होत असतं. कन्व्हर्टर ठीक असेल तर मागच्याचं बऱ्यापैकी स्थिर राहतं. मागचाही पुढच्यासारखाच हलायला लागला की हा कोड येतो. पण एक्झॉस्टला गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरचं रीडिंग बिघडतं आणि चांगल्या कन्व्हर्टरवरही ठपका येतो. माझ्याकडे मॅनिफोल्डचं (इंजिनमधून धूर गोळा करणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट गेलं होतं. थंड इंजिन सुरू केलं की टिकटिक ऐकू यायची, आणि तापल्यावर धातू प्रसरण पावून फट बुजली की थांबायची. गाडी देताना मी हे सांगितलंही होतं. "जुन्या इंजिनात टॅपेट वाजतातच," एवढ्यावर विषय संपवला गेला.

गाडी परत मिळाली तेव्हा लाइट विझलेला होता. आवाज जरा मोठा आणि फाटका वाटत होता. त्यावर "नव्या कन्व्हर्टरमधून हवा मोकळी जाते" असं उत्तर. आणि एकच घाई: आजच्या आज चाचणीला न्या.

या घाईपासून सावध राहा. स्कॅनरने कोड पुसला की त्याबरोबर रेडिनेस मॉनिटरही शून्यावर येतात. कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलच्या वाफेची यंत्रणा, या सगळ्यांची स्वतःची तपासणी ईसीयूने पुन्हा पूर्ण केली नसेल तर ओबीडीही तपासणारं चाचणी केंद्र गाडी परत पाठवतं. माझी पाठवली. मॉनिटर पूर्ण व्हायला थंड इंजिनापासून सुरुवात, मग एकसारख्या वेगात चालवणं, मग थांबत-निघत चालवणं, असं सगळं लागतं. वाफेची तपासणी तर टाकी काठोकाठ भरलेली किंवा जवळजवळ रिकामी असली तर बहुतेक गाड्यांत सुरूच होत नाही. महिनोन्महिने झाकून ठेवलेल्या गाडीची बॅटरी काढली तरी हेच होतं, म्हणून जुन्या स्पोर्ट्स कारवाल्यांना हे ठाऊक हवंच. गॅरेजने मात्र "सिस्टिम सेट करायला" म्हणून वेगळे पैसे घेतले.

पुढच्या वेळी मॉनिटर पूर्ण होते, कोड नव्हता, तरीही गाडी नापास झाली. टेलपाइपमधल्या वायूत हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड, दोन्ही मर्यादेच्या वर. कन्व्हर्टर खरंच नवा असता, तर हे आकडे बहुधा असे आले नसते.

दुसऱ्या मेकॅनिकने सेन्सर काढला आणि त्या भोकातून बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीवरचा कॅमेरा, आत सोडला. आत रिकामी नळी. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा गाभा असतो आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर असतो, तो गाभाच गायब. डबा माझ्याच गाडीचा, जुना क्रमांक तसाच. वरच्या, खालून न दिसणाऱ्या बाजूला कापून पुन्हा जोडल्याचं ताजं वेल्डिंग. मागचा सेन्सर एका छोट्या अडॅप्टरवर चढवून वायूच्या प्रवाहाबाहेर ओढलेला, म्हणजे ईसीयूला सगळं ठीक भासावं. पावतीवर मात्र 'नवीन कन्व्हर्टर' असं लिहून पूर्ण पैसे लावलेले. या सगळ्यात गॅस्केटला कुणी हातही लावला नव्हता.

कन्व्हर्टर बदला असं कुणी म्हणालं, तर आधी एक्झॉस्टची गळती तपासून घ्या. धुराच्या मशीनने ती लगेच दिसते. फ्युएल ट्रिमचे, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय त्याचे, आकडे मागा. मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) असेल तर तो आधी काढा, कारण न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि नवा गाभाही वितळतो. वायूचं रीडिंग कामाआधी आणि कामानंतर, दोन्ही छापील घ्या. काढलेला भाग दाखवायचा आणि परत द्यायचा, हे काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून घ्या. जुना भाग जमा करण्याच्या बोलीवर नवा मिळत असेल, तर निदान दोन्हींचे क्रमांक टिपून ठेवा. स्वतःचा छोटा ओबीडी रीडर जवळ असला, तर गॅरेजच्या दारातच मॉनिटर बघता येतात. सगळे अपूर्ण दिसले तर कोड नुकताच पुसलाय किंवा बॅटरी काढली होती हे समजा.

दुसऱ्या मेकॅनिकने गॅस्केट बदललं, अडॅप्टर काढून सेन्सर मूळ जागी बसवला आणि खरा नवा कन्व्हर्टर माझ्यासमोर खोक्यातून काढून लावला. गाडी पास झाली. पहिल्या गॅरेजविरुद्ध बोअरस्कोपचे फोटो, कापलेला डबा आणि पावती जोडून तक्रार दिली आहे. पैसे अजून परत मिळालेले नाहीत.