अनडू दाबला तरी मागे जाईना: सब्लाइम टेक्स्टमधलं माझं पहिलं प्लगिन

‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, ऱ चा पाय मोडून. दुसरी, साध्या र चा पाय मोडून पुढे झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह) घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण शोधायला गेलं की एकच रूप सापडतं. माझ्या फायलींत दोन्हींची खिचडी होती, म्हणून झेडडब्ल्यूजेवालं जुनं रूप आपोआप ऱ च्या रूपात बदलणारं प्लगिन, म्हणजे जोडप्रोग्राम, सब्लाइम टेक्स्ट ४ या एडिटरसाठी लिहायला बसले.

सुरुवात झटपट झाली. टूल्समधल्या डेव्हलपर मेनूत ‘न्यू प्लगिन’ म्हटलं की पायथनचा सांगाडा समोर येतो, तो यूझर फोल्डरमध्ये सेव्ह केला की लगेच लोड होतो. एडिटर बंद-चालू करायची भानगड नाही.

मग मी अतिशहाणपणा केला. ‘ऑन मॉडिफाइड’ हा इव्हेंट, म्हणजे मजकूर बदलल्याची एडिटरने प्लगिनला दिलेली वर्दी, धरला, म्हणजे प्रत्येक अक्षरागणिक दुरुस्ती. पाच मिनिटं फार भारी वाटलं. नंतर कंट्रोल झेड दाबलं. अनडूने जुनं रूप परत आणलं, पण अनडू हाही बदलच! इव्हेंट पुन्हा उडाला, प्लगिनने पुन्हा दुरुस्ती केली. कितीही वेळा दाबा, गाडी तिथेच. दोष एडिटरचा नाही, माझाच.

आता तेच काम ‘ऑन प्री सेव्ह’वर, म्हणजे फाइल सेव्ह होण्याच्या ऐन आधी, करते. सब्लाइमचं स्वतःचं ओळीअखेरच्या स्पेस काढणारं प्लगिनही हाच इव्हेंट वापरतं, ते आधी उघडून वाचलं असतं तर संध्याकाळ वाचली असती. इव्हेंटमध्ये थेट मजकूर बदलता येत नाही, त्यासाठी लागणारं ‘एडिट’ (बदलाचा परवानाच म्हणा) फक्त टेक्स्ट कमांडला, म्हणजे मजकुरावर चालणाऱ्या वेगळ्या आज्ञेला, मिळतं. आधी हा जाच वाटला. पण त्यामुळेच अख्ख्या फायलीतली दुरुस्ती एका अनडूत मागे जाते, तेव्हा तक्रार मागे.

आणखी एक ठेच: सापडलेल्या जागा शेवटाकडून बदलत या. तीन कोडपॉइंटचे (संगणकाच्या लेखी एकेका चिन्हाचे) दोन होतात, त्यामुळे वरून सुरुवात केली की पुढची प्रत्येक जागा एकेक घराने सरकते. माझे दोन परिच्छेद असेच चिरफाळले.

एक लक्षात ठेवा, प्लगिनं एडिटरपासून वेगळ्या प्रोसेसमध्ये (स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालतात खरी, पण ती प्रोसेस सामायिक असते. एकाने रेंगाळायचं ठरवलं की बाकीची ताटकळतात. म्हणून ‘ऑन मॉडिफाइड’ची असिंक, म्हणजे टायपिंग न अडवता मागे चालणारी, आवृत्ती मी फक्त मोजणीला ठेवली आहे. खाली स्टेटस बारमध्ये जुन्या रूपांचा आकडा वाढत जातो आणि सेव्ह केलं की शून्यावर येतो.