चंद्र की बेन्नू? हवा नसलेलं रणांगण टेबलावर मांडताना

हवा नसलेल्या जगावर वॉरगेम (टेबलावर सोंगट्या मांडून खेळायची लढाई) मांडायचा असेल तर आधी जागा पक्की करा, नियम मागाहून लिहा. ‘चंद्रासारखी कुठली तरी जागा’ असं मोघम धरलं की पृथ्वीवरचाच डाव करड्या कापडावर खेळला जातो. माझ्या मते खरी निवड चंद्राचा दक्षिण ध्रुव आणि बेन्नू हा लघुग्रह यांतली आहे. खालची मापं २८ मिलिमीटरच्या सोंगट्या (साधारण १:६०) आणि चार फुटी टेबल धरून काढली आहेत.

चंद्रावर सगळा खेळ सावल्यांचा. ध्रुवाजवळ सूर्य क्षितिजावर जेमतेम दीड अंश चढतो. दोन मीटर उंचीच्या सैनिकाची सावली ७६ मीटर लांब पडते, म्हणजे टेबलावर सव्वा मीटर, अख्खं टेबल ओलांडून. खोलीतले दिवे घालवा आणि कडेला अगदी खाली एक टॉर्च ठेवा. कोण दिसतं, कोण नाही यावर वाद उरत नाही. उजेडाकडे तोंड करून नेम धरणाऱ्याचा फासा एकाने कमी. हे फार जड वाटलं तर चांद्रयान-३ उतरलं त्या ६९ अंश दक्षिणेला जा. तिथे सूर्य वीसेक अंश वर येतो आणि तीच सावली नऊ सेंटीमीटरवर आटोपते.

बाकी बदल थोडे. वजन एक षष्ठांश पण वस्तुमान तेवढंच, त्यामुळे पाय घसरतात. धावलेल्या सोंगटीला थांबण्याआधी दोन इंच सरळ जावंच लागेल. हातबाँबला हवेचा दणका नाही, नुसते तुकडे. धुराआड लपणं बाद.

बेन्नूवर मात्र नियमपुस्तिका नव्याने लिहावी लागते, आणि मजाही तिथेच आहे. सुमारे ४९० मीटर व्यासाचा हा दगडगोट्यांचा ढीग. गुळगुळीत गोल धरला तर उभ्या माणसाचं क्षितिज २९ मीटरवर येतं. दोघे उभे असतील तर एकमेकांना टेबलावरच्या ९७ सेंटीमीटरपर्यंत दिसतात, दोघे आडवे पडले तर फक्त ४० पर्यंत. सपाट टेबलावर एवढी दोन मापं पाळली की गोलाई खेळात उतरते.

बेन्नूचा मुक्तिवेग (ज्या वेगाने निघालेलं परत खाली येत नाही तो) सेकंदाला साधारण २० सेंटीमीटर. एक चाल म्हणजे एक मिनिट धरलं, तर टेबलावर चालीला २० सेंटीमीटरपेक्षा जास्त वेगाने निघालेली सोंगटी परत येत नाही. बंदुकीचंही तेच. (काडतुसात जळायला ऑक्सिजन पुरवणारं स्वतःचं ऑक्सिडायझर असतं, म्हणून ती निर्वातात चालते.) दहा ग्रॅमची गोळी सेकंदाला ८०० मीटरने सुटली की पोशाखासह १५० किलोचा सैनिक सेकंदाला पाच सेंटीमीटरने मागे सरकू लागतो. आधाराशिवाय चार गोळ्या झाडल्या की तो गेलाच. खुंटी ठोकावी तर जमीन भुसभुशीत: २०२० मध्ये नासाच्या ऑसायरिस-रेक्स यानाचा हात तिथे सुमारे अर्धा मीटर आत गेला. म्हणून मोठ्या खडकाला दोर बांधूनच गोळीबार, आणि लढाई त्या खडकांसाठीच.

सेरेस या बटुग्रहाचा मोह मलाही झाला होता. तिथे रायफलची गोळी अवकाशात निघून जाते, पण चार फुटी टेबलावर तो फरक जाणवत नाही. सोडून द्या.

संध्याकाळचे दोन तास आणि नवे खेळाडू असतील तर चंद्रच मांडा. प्रत्येक बाजूला वीस सोंगट्याही सहज पेलतात. मला स्वतःला बेन्नू अधिक प्रिय. तिथे प्रत्येक सोंगटीचा वेग आणि दिशा कागदावर लिहावी लागते, त्यामुळे प्रत्येक बाजूला पाचांपेक्षा जास्त घेऊ नका.