जुनी सिको फाइव्ह की एचएमटी जनता : अस्सलपणाची खात्री कशात लवकर पटते?

पहिलंच जुनं मनगटी घड्याळ घ्यायचं ठरलं की आपल्याकडे बऱ्याच जणांची गाडी या दोन नावांपाशी येऊन थांबते: जपानी सिकोचं ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं, 'फाइव्ह' आणि आपल्या एचएमटीची 'जनता'. माझीही थांबली होती. दोन्ही घेतली, दोन्ही आजही वापरात आहेत. मशीन दोघांचंही टिकाऊ, त्यावर वेळ घालवत नाही. समोरचं घड्याळ कारखान्यातून निघालं तसंच आहे का, हे पैसे मोजण्याआधी कसं कळावं, तेवढंच लिहितो.

तपासायला सोपी वाटते ती सिको. मागच्या झाकणावर सगळी कुंडलीच कोरलेली: चार आकडे मशीनचे, चार केसचे, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाचे, आणि वेगळा सिरियल नंबर. सिरियलचा पहिला आकडा म्हणजे सालाचा शेवटचा आकडा, दुसरा महिन्याचा. ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. ७००९ नंबरच्या मशीनच्या घड्याळाचा सिरियल ८२ ने सुरू झाला तर ते फेब्रुवारी १९७८ चं, नाहीतर १९८८ चं. शिवाय डायलवर सहाच्या खाली, अगदी कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत मशीनचा नंबर पुन्हा छापलेला असतो. तो झाकणावरच्याशी जुळायला हवा. जनताच्या बाबतीत असा सरळ हिशेब मला करता आलेला नाही.

या नंबरांवर विसंबूनच मी निळ्या डायलची एक सिको फोटो बघून मागवली. झाकणावर ७००९, आत मशीनही ७००९. खूश होऊन ती आमच्या नेहमीच्या घड्याळजींकडे नेली. त्यांनी आयग्लास डोळ्याला लावला, जरा वेळ बघितलं आणि घड्याळ माझ्यापुढे सरकवलं. "सहाच्या खाली बघा," म्हणाले. तिथे अक्षरंच नव्हती. बाराजवळ मिनिटांच्या रेघा तासांच्या उठावाच्या खुणांशी बरोबर जुळत होत्या, सातपाशी येईपर्यंत सरकल्या होत्या. तारखेच्या खिडकीच्या आतल्या कडेवर निळा रंग ओघळून वाळला होता. डायल रंगवलेली होती. पुढे त्यांनी झाकणावरचा केसचा नंबर दाखवला. त्या नंबरच्या घड्याळाची चावी चारपाशी असते, माझ्या घड्याळाची तीनपाशी. म्हणजे झाकणही दुसऱ्याच घड्याळाचं.

माझा कौल इथे फिरला. ज्या नंबरांच्या भरवशावर सिको घ्यायची, ते फिरवून काढता येणाऱ्या झाकणावर असतात. ते साक्ष देतात ती फक्त झाकणाची. डायलची साक्ष देणारी बारीक अक्षरं विक्रेत्यांच्या फोटोत मला क्वचितच दिसली. मागितली की फोटो येतो, पण नेमका तेवढाच भाग अंधुक. परदेशातले संग्राहक अशा रंगवलेल्या, जोडजाड केलेल्या सिकोंना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि आपल्या शहराचं नाव असं जोडलेलं वाचून मला वाईट वाटतं. डायल रंगवून घेणं ही मुळात दुरुस्तीचीच रीत. दमट हवेने डाग पडले की मालक स्वतःच रंगवून घ्यायचे, त्यात लबाडी नव्हती. अस्सल म्हणून विकताना ते लपवलं जातं, तिथे फसवणूक होते.

जनतामध्ये फेरफार करायला जागाच कमी. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला, त्याच घराण्यातलं हे साधं चावीचं घड्याळ. १७ ज्वेल्स (मशीनमधली झीज कमी करणारे बारीक खडे), तारीख नाही, वार नाही. कुणी 'ऑटोमॅटिक जनता' दाखवली तर तिथूनच परत फिरावं.

माझ्याजवळ पडताळायला मामांची जनता होती. नोकरीला लागल्यावर घेतलेली, दुसऱ्या कुणाच्या हातात न गेलेली, देवनागरी डायलची. घ्यायची जनता तिच्या शेजारी ठेवली आणि भिंग धरलं. मामांच्या डायलवर 'जनता'ची शिरोरेघ कापल्यासारखी स्वच्छ. दुसऱ्या एका विक्रेत्याच्या चकचकीत जनतावर तीच रेघ फुगलेली, 'ज'च्या आतली मोकळी जागा शाईने बुजलेली. ती घेतली नाही. लहानपणापासून वाचत आलेली आपली लिपी आहे, अक्षर जरा बिघडलं तरी डोळ्याला खटकतं. सिकोची ती मुंगीएवढी रोमन अक्षरं माझ्याशी तसं बोलत नाहीत.

रंगवलेल्या जनताही भरपूर फिरतात, हे मान्य. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. आता 'न वापरलेला जुना माल' म्हणून काही समोर आलं की मी डायल, काटे आणि केस प्रत्येकाचं वय वेगळं बघतो. काट्यांवर गंजाचे ठिपके आणि डायल आरशासारखी, असं असेल तर हात आखडता घेतो.

ऑटोमॅटिकच हवं, वार-तारीख हवी, तर सिको अवश्य घ्या. सहाच्या खालचा स्पष्ट फोटो मात्र आधी मागा, आणि केसच्या नंबरवरून मूळ आकार कसा होता तेही बघून ठेवा. ओळखीचा घड्याळजी नसेल आणि घड्याळ पहिलंच असेल, तर मी आपला जनताकडे झुकेन. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. मी दोन्हींच्या विक्रेत्यांना एकच गोष्ट विचारत आलो: झाकण माझ्यासमोर उघडाल का? जनता विकणाऱ्या दोघांनी लगेच सुरी काढली. सिकोसाठी विचारलं तेव्हा बहुतेक वेळा उत्तर आलं, "पॅक आहे, उघडत नाही."