एस्पेरांतो, इदो की इंटरलिंग्वा? आधी ‘मी’ आणि ‘तुला’ कुठं बसतात ते बघा

मुद्दाम घडवलेली एखादी भाषा शिकायचं डोक्यात आलं की पहिला प्रश्न येतो, शब्द किती पाठ करायचे? शब्द होतात हो पाठ. गाडी अडते ती ‘मी’, ‘मला’, ‘तुला’ वाक्यात कुठं ठेवायचे, यावर.

आपलं व्याकरणाचं पुस्तक सांगतं: कर्ता, कर्म, क्रियापद. पण आमच्या कोल्हापुरात मिरजकर तिकटीला पाच मिनिटं थांबून ऐका. ‘तुला म्या सांगितलंय की’, ‘सांगितलंय की म्या तुला’. शब्द कसेही फिरवा, ‘तुला’तला ‘ला’ जागचा हलत नाही, म्हणून कुणाचा गोंधळ होत नाही.

हीच सोय एस्पेरांतोत आहे. झामेनहोफ यांनी १८८७ साली वॉर्सात ती जाहीर केली. कर्माला शेवटी ‘न’ लागतो: ‘मी विदास विन’, म्हणजे मी तुला बघतो. ‘विन मी विदास’ म्हटलं तरी अर्थ तोच, भर तेवढा ‘तुला’वर. आपल्याला हे अंगवळणी पडायला वेळ लागत नाही. क्रियापद लिंगानुसार बदलत नाही, त्यामुळं ‘मी येतो’ म्हणणाऱ्या आपल्याकडच्या पोरींना तर काहीच वेगळं वाटणार नाही.

खाचखळगे दोन. विशेषणालाही ‘न’ लावावा लागतो, आणि तो हमखास विसरतो. दुसरं म्हणजे ‘घरात आहे’ आणि ‘घरात गेला’ यांत आपला ‘घरात’ एकच. तिथं मात्र आत असेल तर ‘एन ला दोमो’, आत शिरत असेल तर ‘एन ला दोमोन’. हे कानाला सवय होईपर्यंत चुकतंच.

इदो ही एस्पेरांतोचीच १९०७ ची सुधारून वाढवलेली आवृत्ती. क्रम सरळ असेल तर ‘न’ची गरज नाही: ‘मे विदास तु’. कर्म कर्त्याच्या आधी आणलंत तरच लावायचा: ‘तुन मे विदास’. कागदावर हुशारीचं वाटतं. पण बोलताना प्रत्येक वाक्याआधी क्रम तपासत बसायचा, त्यापेक्षा कायम ‘न’ लावलेला मला परवडतो. इदोची एक गोष्ट मात्र आपल्या मनासारखी: तू, आदराचं तुम्ही आणि अनेकांना तुम्ही, याला ‘तु’, ‘वु’, ‘वि’ असे तीन वेगळे शब्द. एस्पेरांतोत तालमीतल्या वस्तादांनाही ‘वि’ आणि शेजारच्या बारक्यालाही ‘वि’. ‘आम्ही रंकाळ्यावर चाललोय’ आणि ‘आपण चाललोय’ यांतला फरक दोन्हीकडं नाही. ‘नि’ ऐकून आपल्याला बोलावलंय की नाही हे ज्यानं त्यानं ओळखायचं.

१९५१ ची इंटरलिंग्वा वाचायला सर्वांत सोपी, विशेषतः स्पॅनिश किंवा फ्रेंच थोडी येत असेल तर. बोलायला मात्र सर्वनामं छळतात. साध्या क्रियापदाआधी कर्म: ‘इओ ते विदे’, मी तुला बघतो. पण ‘मला तुला बघायचंय’ म्हणताना ते मागं जातं: ‘इओ वोले विदेर ते’. आज्ञेतही मागंच: ‘आउदि मे’, माझं ऐक. नामाला कर्माचा प्रत्यय नाही, त्यामुळं तिथं क्रम मोडलात की अर्थही मोडतो.

क्लिंगॉन, म्हणजे ‘स्टार ट्रेक’मधल्या परग्रहवासीयांची भाषा, हा हौसेचा मामला. कर्म, क्रियापद, कर्ता असा उलटा क्रम, आणि बरीचशी सर्वनामं क्रियापदाच्या उपसर्गातच मुरलेली. पाहुण्यांसमोर भाव खायला उत्तम.

तेव्हा बोलायचं, पत्रं लिहायची, माणसं जोडायची असतील तर एस्पेरांतो घ्या. नुसतं वाचायचं असेल तर इंटरलिंग्वा. ‘तू-तुम्ही’शिवाय जीव घुसमटत असेल तर इदो, पण बोलायला माणसं कमी मिळतील. आणि परीक्षा तोंडावर असून काहीतरी झटपट हवंच असेल तर २००१ ची तोकी पोना आहे: शब्द सव्वाशेच्या आसपास, क्रम ठरलेला आणि कर्माआधी ‘ए’. ‘मी लुकिन ए सिना’, मी तुला बघतो. ‘मी’ आणि ‘सिना’ सोडून दुसरा कर्ता आला की मध्ये ‘लि’ घालायचा: ‘ओना लि लुकिन ए सिना’. एवढं जमलं की वाक्यं जुळवायला सुरुवात करता येते.