पर्ल सोर्समधून बांधताना घरचे निर्णय कुठे ठेवावेत? कॉन्फिग.एसएच, पॉलिसी.एसएच आणि आपली स्क्रिप्ट

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेची नवी स्थिर आवृत्ती साधारण वर्षाला एक येते. २०२२ मध्ये ५.३६ आली, २०२३ मध्ये ५.३८, २०२४ मध्ये ५.४०. अधिकृत पाठबळ शेवटच्या दोन मालिकांनाच मिळतं. म्हणजे ज्यांनी डिस्ट्रोच्या (लिनक्सबरोबर आलेल्या) पर्लला हात न लावता शेजारी सोर्स कोडमधून स्वतःचं पर्ल बांधायचं ठरवलंय, त्यांच्या वाट्याला हे काम दर एक-दोन वर्षांनी येणारच. आमच्याकडे पाच मशीन आहेत: तीन पणजीत, एक मडगावला, आणि एक रास्पबेरी पाय म्हापशाला. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मराठी ग्रंथसूच्या युनिकोडमध्ये आणायचं काम त्यांच्यावर चालतं. पर्ल काय करतं, ते का बांधायचं, हे इथे सांगत बसत नाही. प्रश्न एवढाच आहे की पहिल्या वेळी विचार करून ठरवलेल्या गोष्टी पुढच्या वेळी, पुढच्या मशीनवर, जशाच्या तशा कशा न्यायच्या. कॉन्फिग.एसएच, पॉलिसी.एसएच आणि आपली स्क्रिप्ट, या तिन्ही वाटांनी मी गेलोय, म्हणून लिहितोय.

आधी एक भेद डोक्यात पक्का हवा. कॉन्फिगर, म्हणजे बांधणीआधी प्रश्न विचारून तयारी करणारी पर्लची स्क्रिप्ट, चालवल्यावर दोन प्रकारची उत्तरं जमतात. एक, यंत्राची उत्तरं: कंपायलर कुठला, इंटिजर किती बाइटचा, अमुक फंक्शन सिस्टीममध्ये आहे की नाही. ही प्रत्येक मशीनवर नव्याने शोधलेलीच बरी. दुसरे, घरचे निर्णय: पर्ल कुठे बसवायचं, मॅन पानं (मदतीची पानं) हवीत की नकोत, लिबपर्ल (पर्लची मुख्य लायब्ररी) शेअर्ड, म्हणजे इतर प्रोग्रामनाही वापरता येईल अशी वेगळी फाइल, हवं की नको, व्यवस्थापकाचा मेल पत्ता कुठला. जपायचे असतात ते हे दुसरे. तिन्ही वाटांमधला फरक या दोन ढिगांची सरमिसळ किती होते, यावरच ठरतो.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे जुनी कॉन्फिग.एसएच (कॉन्फिगरची सगळी उत्तरं जिच्यात साठतात ती फाइल) उचलून नव्या सोर्सच्या फोल्डरमध्ये टाकणं. कॉन्फिगर ती बघतं आणि तीच डीफॉल्ट म्हणून वापरू का, असं विचारतं. त्याच मशीनवर, तीच आवृत्ती, एखादा पर्याय बदलून पुन्हा बांधायची असेल तर यासारखं दुसरं काही नाही. आवृत्ती बदलली की मात्र मला ही वाट नको वाटते. त्या एकाच फाइलमध्ये दोन्ही ढीग एकत्र आहेत. आवृत्तीचा आकडा ज्यांच्या पोटात आहे असे लायब्ररीचे पत्ते तिथे आहेत, आणि त्या मशीनच्या तपासण्यांचे निकालही तिथेच. पर्लच्या इन्स्टॉल दस्तऐवजातही जुन्या आवृत्तीची कॉन्फिग.एसएच वापरताना हे पत्ते नीट पाहा, असं बजावलेलं आहे. त्यात आणखी एक मेख आहे. जुनी कॉन्फिग.एसएच समोर असताना तुम्ही मोठ्या डीचा डॅश-डी (कमांडवरच एखादं उत्तर देण्याचा पर्याय) लावून नवा प्रीफिक्स (पर्ल बसवायचा मूळ फोल्डर) दिलात आणि मोठ्या ओचा डॅश-ओ (कमांडवरचं उत्तर वरचढ ठरवणारा पर्याय) द्यायला विसरलात, तर वरचढ ठरतं फाइलमधलं उत्तर. आमच्या पहिल्या मशीनवर चाचणीचं पर्ल याच कारणाने चालू पर्लच्या जागेवर जाऊन बसलं. ते परत लावण्यात एक दुपार गेली. त्यानंतर मशीन ओलांडायला मी कॉन्फिग.एसएच वापरली नाही.

मग पॉलिसी.एसएच. ही कल्पना मला अजूनही आवडते. कॉन्फिगर संपताना सगळ्या उत्तरांमधून फक्त साइटव्यापी निर्णय गाळून या छोट्या फाइलमध्ये ठेवतं. दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या आवृत्तीसाठी, अगदी वेगळ्या आर्किटेक्चरवरही ती नेता येते. फक्त तिथे पत्ते लागू पडतात का, हे एकदा वाचून घ्यायचं. पणजीच्या इंटेल मशीनवर तयार झालेली फाइल मी म्हापशाच्या रास्पबेरी पायवर टाकली होती. काहीही न बदलता चालली. आतली रचनाही समजूतदार आहे: प्रीफिक्सला आधीच काही किंमत मिळालेली नसेल, तरच /ऑप्ट/पर्ल धर. म्हणजे कमांडवरून डॅश-डी लावून /टेम्प/चाचणी दिलं तर तेच चालतं, ओची भानगड नाही. नवी आवृत्ती बाजूला बांधून बघायला हे फार सोयीचं आहे. (जाता जाता: प्रीफिक्सच्या पत्त्यात ‘पर्ल’ हा शब्द असला की कॉन्फिगर लायब्ररीच्या पत्त्यातून ‘पर्ल५’ हा तुकडा गाळतं. /यूएसआर/लोकल वरून /ऑप्ट/पर्ल वर आलात तर जुन्या स्क्रिप्टमध्ये हाताने लिहिलेले पत्ते तपासा.)

इतकं चांगलं असून माझं मन तिथून उडालं ते एका गोष्टीमुळे, आणि ती जरा सविस्तर सांगायला हवी.

५.३८ जुलै २०२३ मध्ये आली. ऑगस्टमध्ये मी पणजीला ती बांधायला घेतली. आमच्या डेटाबेसमध्ये जुन्या फॉन्टचा मजकूर फिरवणारं फंक्शन पीएल-पर्लमध्ये (पोस्टग्रेस या डेटाबेसच्या आत पर्ल चालवण्याची सोय) आहे, आणि पोस्टग्रेसला त्यासाठी शेअर्ड लिबपर्ल लागतं. पर्ल आपणहून ते शेअर्ड बांधत नाही, सांगावं लागतं. मी पॉलिसी.एसएच एडिटरमध्ये उघडली आणि शेवटी एक ओळ घातली: शेअर्ड लिबपर्ल, हो. तिच्या वर दोन ओळींची टीप लिहिली, हे कशासाठी आहे आणि काढलं तर काय बंद पडेल. कॉन्फिगर, मेक, चाचण्या, इन्स्टॉल, सगळं पहिल्या फटक्यात झालं. पोस्टग्रेसही नीट उभं राहिलं. मग त्या बिल्ड फोल्डरमधली पॉलिसी.एसएच मी मडगावच्या मशीनवर पाठवली आणि तिथल्या सहकाऱ्याला म्हटलं, ही टाक, डॅश-डीईएस (प्रश्न न विचारता डीफॉल्ट उत्तरं धरण्याचा पर्याय) दे, बाकी काही विचारणार नाही.

चवथीच्या आदल्या आठवड्यात त्याचा फोन आला.

“दादा, पोस्टग्रेस म्हणतंय लिबपर्ल शेअर्ड नाही. पणजीत तर झालं होतं ना?”

“फाइलमध्ये शेवटची ओळ बघ. मी लिहून ठेवलंय.”

“शेवटी असं काही नाहीच हो. पेजरबद्दल एक नमुना आहे, तेवढाच.”

मी पणजीतली फाइल उघडली. तिथेही नव्हतं. माझी ओळ नव्हती, वरची टीप नव्हती. फाइल स्वच्छ, नीटनेटकी, यंत्राने लिहिलेली. कॉन्फिगरने सुरुवातीला माझी ओळ वाचली होती आणि तिच्याप्रमाणे लिबपर्ल शेअर्ड बांधलंही होतं. पण शेवटी ती फाइल त्याने आपल्या साच्यातून पुन्हा लिहून काढली, आणि त्या साच्यात शेअर्ड लिबपर्लला जागाच नाही. फाइलच्या माथ्यावरच्या टिपणात हे स्पष्ट लिहिलेलं आहे: प्रत्येक वेळी ही फाइल नव्याने लिहिली जाते, तुम्ही घातलेले व्हेरिएबल हवे असतील तर आधी प्रत काढून ठेवा. लपवाछपवी कुठेच नाही. तरी ज्या फाइलवर आपण निर्णय जपण्याचा भरवसा ठेवतो, तीच न बोलता काही निर्णय सोडून देते, ही गोष्ट माझ्या कामाच्या पद्धतीत बसेना. चूक पणजीत झाली आणि दिसली मडगावला, महिन्याभराने. आणि ती दिसली तीही पोस्टग्रेस अडलं म्हणून. मॅन पानांसारखी साधी बाब असती, तर कोणाच्या लक्षातही आली नसती.

मडगावला पुन्हा बांधताना आणखी एक झालं. मेक अर्ध्यावर असताना वीज गेली. पावसाळ्यात आपल्याकडे हे नवीन नाही, आणि त्या मशीनचा यूपीएस तेव्हा दुरुस्तीला होता. अर्धवट ऑब्जेक्ट फाइल्स नकोत म्हणून सहकाऱ्याने मेक डिस्टक्लीन मारलं. त्याने कॉन्फिग.एसएच गेली आणि पॉलिसी.एसएचही गेली. मेक रिअलक्लीनने त्या दोन्ही राहिल्या असत्या. दोन्हींत फरक असा तेवढाच आहे. हे माहीत असायला हवं हे खरं, पण रात्री साडेआठला टॉर्च धरून काम करणाऱ्या माणसाकडून मी ती अपेक्षा ठेवणार नाही.

यावर उपाय आहे, आणि पॉलिसी.एसएच ज्यांना आवडते त्यांनी तो करावाच. मूळ प्रत सोर्सच्या बाहेर, गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या जपणारं साधन) ठेवायची. दरवेळी तिची नक्कल आत टाकायची. बिल्डनंतर आतली फाइल कधीच परत बाहेर आणायची नाही. एवढी शिस्त पाळली तर माझी तक्रार उरत नाही. पण शिस्त पाळायचीच असेल, तर ती तिसऱ्या वाटेवर जास्त फळते असं मला वाटलं.

तिसरी वाट म्हणजे आपली सहा-सात ओळींची शेल स्क्रिप्ट. कॉन्फिगर, त्यापुढे डॅश-डीईएस, मग एकेका ओळीवर एकेक डॅश-डी: प्रीफिक्स /ऑप्ट/पर्ल, शेअर्ड लिबपर्ल, मॅनची दोन्ही फोल्डर ‘नन’, मेल पत्ता. शेवटी डॉलर-अॅट, म्हणजे वेळेला आणखी काही द्यायचं झालं तर ते मागे जोडलं जातं. वर मराठीत टिपा, कोणता निर्णय का घेतला. ही फाइल पर्लच्या सोर्समध्ये नाहीच, त्यामुळे कॉन्फिगर तिला लिहीत नाही आणि डिस्टक्लीन तिला पुसत नाही. बिल्ड ज्या फाइलमध्ये लिहितं, तिथे घरचे निर्णय ठेवायचे नाहीत, एवढं एक तत्त्व मी त्या सप्टेंबरनंतर धरलं.

आणि मग तिचा एक गुण लक्षात आला, ज्याची मी आधी कल्पना केली नव्हती. कमांडवर दिलेले पर्याय पर्ल आपल्या पोटात साठवतं. बसवलेल्या पर्लला मोठ्या व्हीचा डॅश-व्ही, कोलन आणि कॉन्फिग-आर्ग्स असं विचारलं की ते ज्या पर्यायांनी बांधलं गेलं, ती ओळच्या ओळ छापतं. सोर्स फोल्डर पुसून दोन वर्षं झाली असली तरी. पॉलिसी.एसएचने बांधलेल्या पर्लला हेच विचारलं तर उत्तर येतं नुसतं डॅश-डीईएस. किमती त्याला माहीत असतात, प्रीफिक्स कुठला हे ते सांगेल, पण यातलं तुम्ही मुद्दाम काय मागितलं होतं आणि आपोआप काय आलं, हे त्यातून कळत नाही. मडगावच्या मशीनवर मी तेच बघत होतो आणि काही उलगडत नव्हतं. पाच मशीन वेगवेगळ्या माणसांच्या हाती असताना ही एक ओळ मला कुठल्याही वहीपेक्षा भरवशाची वाटते.

स्क्रिप्टचे दोषही सांगतो. डॅश-डीपुढचं नाव चुकलं तर कॉन्फिगर हूं की चूं करत नाही. कुठलंही नाव ते घेतं आणि पुढे जातं. शेअर्ड लिबपर्लच्या पर्यायाच्या स्पेलिंगमधला पी गाळलात तर सगळं सुरळीत चाललेलं दिसेल आणि लिबपर्ल शेअर्ड होणार नाही. नावं पोर्टिंग फोल्डरमधल्या ग्लॉसरी फाइलशी ताडून घ्या. हाच दोष पॉलिसी.एसएचलाही आहे, तरी स्क्रिप्ट पूर्ण हाताने लिहिलेली म्हणून तिथे जास्त जपावं लागतं. दुसरं, पहिल्यांदा प्रश्नोत्तरं करून मग ती जपायची असतील, तर स्क्रिप्ट तुम्हाला स्वतः रचावी लागते; पॉलिसी.एसएच आपोआप मिळते. आणि स्क्रिप्ट चालवण्याआधी फोल्डरमध्ये जुनी कॉन्फिग.एसएच किंवा पॉलिसी.एसएच पडलेली नाही ना, हे बघायचं. मी स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत दोन्ही काढून टाकतो.

कॉन्फिग.ओव्हर नावाची एक चौथी सोयही आहे. ती अगदी शेवटी, कॉन्फिग.एसएच लिहिण्याच्या जरा आधी वाचली जाते, आणि तुम्ही बदललेलं बरोबर आहे की नाही याची कोणी तपासणी करत नाही. कॉन्फिगरचा एखादा अंदाज खरोखर चुकत असेल तर तिला हात घाला. घरच्या निर्णयांसाठी मला तिची गरज पडली नाही.

ऑटोकॉन्फने (कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणारं वेगळं साधन) बांधल्या जाणाऱ्या बाकीच्या सॉफ्टवेअरचं इथे काही लागू नाही, कारण पर्लचं कॉन्फिगर ऑटोकॉन्फचं नाही, ते मेटाकॉन्फिग नावाच्या दुसऱ्या साधनातून येतं. ऑटोकॉन्फकडे कॉन्फिग.साइट नावाची फाइल प्रीफिक्सखालच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवता येते आणि ती वाचली गेली की कॉन्फिगर तसं पडद्यावर सांगतं. तिला कोणी पुन्हा लिहीत नाही, हे मला तिच्यात विशेष आवडतं. फक्त ती कमांडवरच्या पर्यायांनंतर वाचली जाते. म्हणून प्रत्येक ओळीआधी ‘अजून डीफॉल्टच असेल तर’ अशी अट घालायला विसरू नका, नाहीतर कमांडवर दिलेलं ती पुसून टाकेल.

तर तुम्ही काय घ्यावं? मशीन एकच असेल आणि निर्णय फक्त पत्त्यांचे असतील, तर पॉलिसी.एसएच पुरेशी आहे, आणि स्क्रिप्ट लिहिण्याचा खटाटोप कदाचित जास्तच वाटेल. वेगवेगळ्या आर्किटेक्चरची मशीन आहेत, पण बांधणारा माणूस एकच आहे आणि मूळ प्रत बाहेर ठेवण्याची सवय आहे, तरीही ती चालेल. शेअर्ड लिबपर्ल, थ्रेड असले पर्याय तुमच्या निर्णयांत असतील, किंवा बिल्ड दुसऱ्या कोणाच्या हातून होणार असेल, तर मी तरी स्क्रिप्टच सुचवेन. तुमच्याकडची परिस्थिती वेगळी असू शकते.

५.४० आम्ही स्क्रिप्टने बांधली, पाचही मशीनवर. मडगावला मी गेलोच नाही. सहकाऱ्याने गिटमधून स्क्रिप्ट घेतली, चालवली, आणि संध्याकाळी मला फक्त कॉन्फिग-आर्ग्सची ती एक ओळ पाठवली. पणजीच्या ओळीशी ताडून पाहिली, अक्षर न् अक्षर तीच होती. रास्पबेरी पायचीही तीच.