फायबर, ब्राँझ, स्टील की काळा दगड? खाडीकाठच्या घरासाठी शिल्प घेताना

वाशीतली आमची जुनी सोसायटी पाडून टॉवर उभा राहिला आणि बिल्डरने लॉबीबाहेर एक रिकामी जागा सोडून दिली. नकाशात तिथे फक्त ‘आर्टवर्क’ असं लिहिलेलं होतं. सर्वसाधारण सभेत मी तोंड उघडलं म्हणून समितीत माझी वर्णी लागली. रिवाजाप्रमाणे तीन कोटेशनं आली: एक फायबरचं, एक स्टेनलेस स्टीलचं, एक काळ्या दगडाचं. रक्कम सोडली तर तिन्ही कागदांत एकमेकांशी ताडून बघता येईल असं काहीच नव्हतं. त्याच महिन्यात घोडबंदर रोडला नवं घर घेतलेल्या माझ्या मेहुणीचा फोन आला. “भाऊजी, खरं ब्राँझ घ्यावं की तसंच दिसणारं स्वस्तातलं?”

या दोन खरेद्यांच्या निमित्ताने मी जे शिकलो ते इथे मांडतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. घरात लहान घ्या पण अस्सल घ्या, बाहेर मोठं घ्या पण असं घ्या की वॉचमनलाही ते सांभाळता येईल. शिल्प आवडलं की आपण थेट “केवढ्याला?” विचारतो. त्याआधीचा प्रश्न राहून जातो: हे नेमकं कशाचं आहे, आणि चार महिने पाऊस नि बारा महिने खारा वारा लागल्यावर याचं काय होईल?

फायबर आणि ब्राँझ: एकाच साच्याची दोन भावंडं

हे दोन्ही शेजारी ठेवूनच बघावं लागतं, कारण बहुतेक वेळा दोघांचा जन्म एकाच क्ले मॉडेलमधून होतो. शिल्पकार मातीत काम करतो, त्यावरून साचा काढतो. त्या साच्यात रेझिन (सुकून कडक होणारा चिकट द्रव) आणि काचतंतूची चटई थरावर थर लावली की फायबर तयार. ब्राँझचा रस्ता लांबचा. साच्यातून आधी मेणाची पोकळ प्रत, तिच्याभोवती उष्णता सोसणारं कवच, भट्टीत मेण वितळून जाणार आणि त्या पोकळीत हजार अंशांच्या वर तापलेला धातू ओतायचा. मग तुकडे जोडणं, घासणं, आणि शेवटी रसायन व बर्नरने रंग चढवणं, म्हणजे पॅटिना. एका मूर्तिकाराने आम्हाला एकाच कामाचे दोन भाव सांगितले तेव्हा ब्राँझचा भाव फायबरच्या चौपटीहून जास्त होता. ऐकून समितीतले एक काका उठून पाणी प्यायला गेले. पण त्या चौपटीत धातूपेक्षा हातांचे तास जास्त असतात.

वजनाचा हिशेब डोळे उघडणारा आहे. ३ मिलीमीटर जाडीच्या फायबरचा एक चौरस मीटर पत्रा पाच किलोच्या आत बसतो. ५ मिलीमीटर जाडीच्या ब्राँझचा तेवढाच पत्रा ४४ किलो भरतो. माणसाएवढी आकृती तिसऱ्या मजल्यावरच्या टेरेसवर न्यायची असेल तर फायबर दोन माणसं उचलून नेतील. ब्राँझसाठी चेनपुली आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर, दोघांनाही बोलवावं लागेल.

फायबरचा शत्रू पाऊस नाही, ऊन आहे. वरचा थर उन्हाने पांढुरका, खडूसारखा होत जातो आणि बोट फिरवलं की भुकटी लागते. दर काही वर्षांनी घासून पुन्हा रंगवायची तयारी हवी. तरीही फायबरला हलकं समजण्याचं कारण नाही. शिल्पकार रविंदर रेड्डींची ती डोळे विस्फारलेल्या स्त्रियांची भलीमोठी सोनेरी मस्तकं फायबरग्लासचीच आहेत. रागवायचं असेल तर नकलेवर रागवा.

मेहुणीचा प्रश्न नेमका त्या नकलेबद्दल होता. ‘ब्राँझ फिनिश’, ‘कोल्ड कास्ट ब्राँझ’ ही नावं ऐकलीत तर समजा, ते रेझिन आहे. वरच्या थरात ब्राँझची पूड मिसळलेली असते, म्हणून घासल्यावर चमकतंही. तसं सांगून विकलं तर त्यात गैर काही नाही. पण मी स्वतः एका दुकानात ‘प्युअर ब्राँझ’ म्हणून दाखवलेला बुद्धाचा चेहरा एका हाताने सहज उचलला, तिथेच काय ते कळलं. ओळखायच्या खुणा साध्या आहेत. धातू हाताला गार लागतो. टिचकी मारली की नाद येतो, रेझिन ठक्क करतं. तळाशी उलटं करून बघा, आतली बाजू दिसली की बहुतेक शंका मिटतात. लोहचुंबक इथे फारसा उपयोगी नाही, कारण ब्राँझलाही तो चिकटत नाही नि रेझिनलाही नाही. ‘मार्बल’ म्हणून मिळणाऱ्या पांढऱ्याशुभ्र मूर्तींचंही असंच आहे. पुष्कळशा संगमरवराच्या भुकटीच्या, साच्यातून काढलेल्या असतात. कडेला साच्याची बारीक शिवण सापडते.

खरं ब्राँझ घेतलंत तर घरच्यांना एकच ताकीद द्या: दिवाळीच्या साफसफाईत त्याला चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर लावायची नाही. ती तपकिरी-हिरवी छटा म्हणजे मळ नव्हे, शिल्पकाराने मुद्दाम आणलेला रंग आहे. दहा मिनिटांत तो निघतो आणि देवघरातल्या समईसारखं लखलखीत काहीतरी हातात उरतं. मऊ फडक्याने धूळ पुसायची, वर्षातून एकदोनदा पातळ मेण लावायचं, बस. खाडीकडे उघडणाऱ्या बाल्कनीत ठेवणार असाल तर मेण जास्त वेळा लावा. खारटपणातल्या क्लोराइडमुळे ब्राँझवर फिकट हिरवी पूड धरते आणि ती आत आत खात जाते.

आणि हो, बजेट कमी असेल तर नकली ब्राँझपेक्षा बस्तरचं ढोकरा काम घ्या. सीबीडी बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये वेगवेगळ्या राज्यांतले कारागीर येतात, त्यांत ढोकरावाले असतील तर सोडू नका. मेणाच्या सुतळीसारख्या तारा गुंडाळून आकृती करतात, वर मातीचं कवच चढवून पितळ ओततात, आणि कवच फोडल्याशिवाय मूर्ती निघत नाही. म्हणून दोन कधी हुबेहूब सारख्या नसतात. मोहेंजोदडोची साडेदहा सेंटीमीटरची नर्तकी अशीच मेणावरून ओतलेली आहे. शिल्पकार मीरा मुखर्जींनी हे तंत्र बस्तरच्या घडवा कारागिरांकडून शिकून आपलं आधुनिक शिल्प घडवलं. मेहुणीने शेवटी तेच घेतलं, हातभर उंचीचं.

स्टील, भंगार आणि तो मुद्दाम गंजवलेला पत्रा

स्टेनलेस स्टील ही आपल्याकडची सोयीची गोष्ट. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, रबाळे-महापे-तुर्भ्यात लेझर कटिंगवाले आणि फॅब्रिकेटर खोऱ्याने मिळतात. दुरुस्तीसाठी लांब जावं लागत नाही. कलाकार सुबोध गुप्तांनी स्टीलची भांडीकुंडी जगभरच्या दालनांत नेली, तेव्हापासून आपल्या स्वयंपाकघरातल्या चकाकीलाही कलेत मान आला.

पण ‘स्टेनलेस’ म्हणजे डाग न पडणारं असं समजू नका. कोटेशनवर ग्रेड लिहून घ्या. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये त्याशिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, आणि खाऱ्या हवेत तेच उपयोगी पडतं. पाम बीच रोडच्या बाजूला, ऐरोलीच्या खाडीकडे किंवा सीवूड्सला उघड्यावर ठेवायचं तर ३१६ मागा. लॉबीच्या आत, काचेमागे ३०४ पुरेल. आमच्या कोटेशनवर नुसतं ‘एसएस’ होतं. विचारल्यावर फॅब्रिकेटर हसला आणि म्हणाला, “साहेब, ३०४ च असतं.” म्हणजे काय विचारायचं हे माहीत नसलं की ३०४.

दुसरी गोम कारखान्यातली. ज्या ग्राइंडरच्या चक्रीने साधं लोखंड घासलं तीच स्टीलवर फिरवली तर लोखंडाचे कण रुतून बसतात आणि पहिल्याच पावसाळ्यात चहाचे डाग पडल्यासारखं दिसतं. दोष स्टीलचा नसतो. वेल्डिंगचे सांधे आम्लाने धुऊन देणार का, हेही विचारा. आरशासारखी पॉलिश फोटोत भारी दिसते. प्रत्यक्षात तिच्यावर बोटांचे ठसे, कबुतरांची कृपा आणि दुपारी दोन वाजता समोरच्या फ्लॅटमध्ये घुसणारी तिरीप, असा तिहेरी ताप होतो. घासलेली मॅट पॉलिश निवडा.

भंगारातली शिल्पं, म्हणजे सायकलच्या चेन, गिअर, नटबोल्ट जोडून केलेले बैल आणि पक्षी, मला मनापासून आवडतात. घरात ठेवा, वर पारदर्शक लॅकर मारून घ्या. पावसात ठेवाल तर प्रत्येक सांध्यात पाणी साचेल. आणि सध्या आर्किटेक्ट मंडळी सुचवतात तो ‘कॉर्टेन’ पत्रा मात्र खाडीकाठी घेऊ नका. त्यावरचा गंज घट्ट बसून पुढचा गंज थांबवतो, हे त्याचं तंत्र आहे. त्यासाठी पत्रा ओला होऊन पुन्हा नीट वाळावा लागतो, मीठही कमी लागतं. आपल्याकडे दोन्ही नाही. गंज वाढतच राहतो आणि खालच्या फरशीवर तांबडे ओघळ उतरतात.

काळा दगड

सह्याद्रीचा बेसॉल्ट. पारसिकच्या डोंगरात याच दगडाच्या खाणी होत्या, आणि समोर खाडीपलीकडची घारापुरीची लेणी याच दगडात कोरलेली आहेत. याच हवेत, समुद्राच्या मधोमध, शतकानुशतकं उभी. याहून मोठं वॉरंटी कार्ड कुठला विक्रेता देणार?

वर्षातून एकदा पाणी आणि नायलॉनचा ब्रश, एवढीच देखभाल. शेवाळ आलं तर आलं, काळ्या दगडावर तेही शोभतं. अडचण वजनाची. एक घनफूट दगड ऐंशी किलोच्या घरात जातो. दीड फूट उंच आणि फूटभर लांब-रुंद तुकडा म्हणजे सव्वाशे किलो. राहत्या खोलीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो चलभार, म्हणजे माणसं-सामानाचं बदलतं वजन, धरून आखलेला असतो, त्यामुळे एवढं वजन फूटभर जागेत ठेवायचं तर तुळईच्या किंवा भिंतीच्या जवळ ठेवा आणि इंजिनिअरला विचारा. टॉवरची ‘जमीन’ बरेचदा खालच्या पार्किंगचं छत असतं, हे आम्हालाही उशिराच लक्षात आलं.

संगमरवर बाहेर नको. तो चुनखडीचाच भाऊ, लिंबाच्या थेंबानेही त्याची चमक मरते. हळद-कुंकू नि तेल तो पिऊन टाकतो. आणि आपल्याकडे चेहऱ्याचं काहीही उभं केलं की आठवड्यात कुणीतरी हळद-कुंकू वाहणारच.

लाकूड, भाजलेली माती, सिमेंट

लाकूड फक्त घरात, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर. खाली पिठासारखा भुसा दिसला की भुंगा लागलाय. टेराकोटा सच्छिद्र असतो, ओलीत पांढरं मीठ फुलतं, पण कपाटावर तो देखणा आणि खिशाला परवडणारा. शिल्पकार हिम्मत शाहांची मातीची मस्तकं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. बाल्कनीत मातीचंच हवं असेल तर जास्त आचेवर भाजलेलं स्टोनवेअर घ्या.

सिमेंटकडे कुणी बघतच नाही, याचं मला नवल वाटतं. शिल्पकार रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये शांतिनिकेतनात सिमेंट आणि जांभ्याचे खडे वापरून ‘संथाळ कुटुंब’ हे शिल्प उभं केलं. आपल्या जवळचं उदाहरण अलिबागजवळच्या सासवण्याचं. मांडव्याला बोटीने उतरलं की शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं घर-संग्रहालय जवळच आहे. तिथली सिमेंटची म्हैस बघून या आणि मग सांगा सिमेंट गरिबाचं आहे का. सोसायटीच्या बागेसाठी माझी पहिली पसंती सिमेंटलाच होती. समितीत दोन विरुद्ध एक मतांनी पडली.

ओळखू येणारं की अमूर्त

सोसायटीसाठी निवडताना खरी भांडणं इथे होतात. माणसाची आकृती घेतलीत तर पहिला प्रश्न “हे कोण?” आणि दुसरा “हेच का?” अमूर्त घेतलंत तर “हे काय?” आणि पाठोपाठ “एवढे पैसे?” माझ्या अनुभवात दुसरं भांडण लवकर विझतं. घरात मात्र उलटं करा. रोज समोर बसणारी वस्तू आहे, तुमचं मन धरेल ते घ्या, पाहुण्यांना समजावून सांगायची गरज नाही. आधी डोळा तयार करायचा असेल तर डोंबिवलीला शिल्पकार भाऊ साठे यांचं शिल्पालय आहे. गेटवेसमोरचे अश्वारूढ शिवाजी महाराज त्यांचेच. वास्तववादी काम चांगलं म्हणजे काय, हे तिथे मान आणि खांद्याचे सांधे बघून कळतं.

कागद

पावतीवर शिल्पकाराचं नाव, वर्ष, माध्यम, उंची, वजन आणि ओतीव काम असेल तर आवृत्तीचा आकडा हवाच. ‘३/९’ म्हणजे नऊ प्रतींतली तिसरी. तो आकडा शिल्पावरही कोरलेला असावा. आवृत्ती ठरलेली नसेल तर ती शोभेची वस्तू आहे, भावही तसाच द्या. मूळ शिल्पांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, जुनं कोटेशन असेल तर पुन्हा मागवा.

विकत घेतलं म्हणजे त्याचं काहीही करता येतं असं नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं प्रचंड ब्राँझ भित्तिशिल्प होतं, १९६२ साली पूर्ण झालेलं. १९७९ मध्ये ते उखडून गोदामात टाकलं गेलं. सेहगल कोर्टात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष त्यांना परत करायला आणि वर ५ लाख रुपये द्यायला सांगितलं. आमच्या सभेत एका सभासदाने “दर गणपतीला सोनेरी ऑइलपेंट मारू” अशी सूचना केली, तेव्हा मी हा खटला वाचून दाखवला. इतिवृत्तात नोंद आहे.

शेवटी आम्ही दगडाचं काम घेतलं, अमूर्त, पावणेतीन फूट उंच. आतून स्टीलची खुंटी घालून चौथऱ्याला जखडायचं ठरलंय. शिल्पकाराने सांगितलं आहे की चौथरा मेच्या पहिल्या आठवड्यात ओता, काँक्रीटला २८ दिवस मिळायला हवेत आणि जूनच्या पावसाआधी क्रेन आत यायला हवी. क्रेनसाठी ‘बी’ विंगच्या दोन गाड्या हलवाव्या लागतील. त्यातली एक सेक्रेटरींची आहे.