माडबनची अणुभट्टी की कौलांवरचं सोलर?

कोळसा सोडायचा, हे २०२१ च्या ग्लासगो परिषदेत भारताने '२०७० पर्यंत नेट झिरो' (म्हणजे जितका कार्बन सोडू तितकाच शोषून घेऊ) म्हटल्यापासून वरवर तरी ठरलं. मग कोकणात वीज कुठून आणायची?

राजापूर तालुक्यात माडबनला प्रस्तावित असलेला जैतापूर प्रकल्प म्हणजे १,७३० मेगावॅटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या, एकूण १०,३८० मेगावॅट. रात्र असो वा आषाढातला धो धो पाऊस, वीज चालू, धूर नाही. पण याच जातीची फ्रान्समधल्या फ्लामाँव्हिलची भट्टी २००७ ला बांधायला घेतली, ती ग्रिडला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये! शिवाय गरम पाणी समुद्रात सोडल्यावर मासळीचं काय, हा साखरी नाट्याच्या मच्छीमारांचा प्रश्न. २०११ मध्ये तिथे आंदोलकांवर गोळीबार झाला, एकाचा जीव गेला. ते गाव विसरेल कसं?

छपरावरच्या सोलरला जमीन लागत नाही, विस्थापन नाही. २०२४ च्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. अडचण पावसाळ्याची, आणि जुन्या कौलारू घरांच्या वाशांची. दुसरी गोची अनेकांना पॅनल बसवल्यावर कळते: ग्रिडची लाइन गेली की बॅटरी नसलेलं साधं सोलरही बंद पडतं. 'निसर्ग' वादळानंतर श्रीवर्धनकडे खांब आडवे झाले होते. तेव्हा लख्ख ऊन पडूनही अशा पॅनलचा उपयोग शून्य.

तरी घरापुरतं माझं मत सोलरला, बॅटरीसकट. लोटे औद्योगिक वसाहतीतले कारखाने मात्र त्यावर चालायचे नाहीत.